गल्लीचं दुसरं टोक

मी रस्त्यांचा माणूस. महापालिकेत कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो तेव्हापासून खड्डे, पदपथ, ड्रेनेजची झाकणं आणि लोकांच्या तक्रारी एवढंच माझं जग होतं. रस्ता वाहता ठेवायचा, हे काम. कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात मला रस्ते बंद करायचं काम लागलं, आणि ते मला फार लवकर जमायला लागलं.

सकाळी आठच्या सुमाराला व्हॉट्सअॅपवर यादी यायची. ज्या भागात पेशंट वाढले तो भाग प्रतिबंधित. यादीसोबत नकाशा असायचा. त्यावर लाल रेघ म्हणजे पत्रा, आणि रेघेत जिथे बारीक फट सोडलेली असे तिथे दार. दारावर पोलीस बसायचा. दूध, औषधं आणि रुग्णवाहिका तिथून जायची. बाकी सगळीकडून बंद. मी खडकीहून मोटारसायकलवर निघायचो. गळ्यात ओळखपत्र, तोंडाला दोन मास्क, खिशात सॅनिटायझरची बाटली. संगम पुलापाशी नाकाबंदीवर ओळखपत्र दाखवायचं आणि मग पेठांपर्यंत रस्त्यावर एकटाच. इतक्या वर्षांत ज्या रस्त्यांवर मला गाडी लावायला जागा मिळाली नव्हती, तिथे आता कबुतरं चालत होती.

पत्रे आणि बांबू मांडववाल्या कंत्राटदाराचे होते. गणपतीचे मांडव उभे करणारे लोकच ते लावायला यायचे. त्यांचा मुकादम हडपसरच्या पुढच्या एका गावचा, पन्नाशीचा, बोलायला मोकळा. पहिल्या दिवशी तो म्हणाला होता, "सायेब, आमी आजवर लोकांनी आत यावं म्हणून मांडव घातला. ह्यो पयलाच मांडव हाय, लोकांनी येऊ नये म्हणून."

मी हसलो होतो. त्या आठवड्यात आम्ही सगळेच थोडं जास्त हसायचो.

ती गल्ली मंडईच्या मागच्या बाजूला होती. अरुंद, मध्येच काटकोनात वळलेली, त्यामुळे एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसत नाही. गल्लीचा अलीकडचा भाग आमच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे, पलीकडचा शेजारच्या कार्यालयाकडे. हद्द कुठल्या तरी घराच्या पायरीवरून जात होती. माझ्या नकाशात माझ्याकडची रेघ सलग होती. फट पलीकडच्या टोकाला दाखवलेली.

मुकादमाने पहिले दोन बांबू रोवले आणि विचारलं, "सायेब, दार ठिवायचं का?"

"नाही. दार पलीकडे आहे."

"कोन करतंय पलीकडचं?"

"दुसरं ऑफिस. तू पत्रे ठोक."

पत्रे वर चढायला लागले तसे घराघरांतून लोक खिडक्यांत आले. कोणी काही बोलत नव्हतं. त्या गल्लीत चार दिवसांत पाच पेशंट निघाले होते आणि सगळ्यांना आपल्या शेजाऱ्याची भीती वाटत होती. फक्त कोपऱ्यावरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, गॅलरीत, एक बाई कठड्याला धरून उभ्या होत्या. सत्तरीच्या आसपास. सुती साडी, तोंडाला स्वच्छ पांढऱ्या रुमालाची घडी. त्यांनी पाचव्या पत्र्यापर्यंत वाट पाहिली.

"अहो, आपणच साहेब का?"

मी वर पाहिलं. "बोला बाई."

"आम्हाला आत कोंडताय की त्या कोरोनाला बाहेर ठेवताय? दोन्ही जमायचं नाही, म्हणून विचारते."

मुकादम गालातल्या गालात हसला. मी म्हणालो की वरून आदेश आहे, चौदा दिवसांचा प्रश्न आहे.

"चौदा दिवसांचं काही नाही. आमच्याकडे यांना हृदयाचा त्रास आहे. मागच्या वर्षी दोनदा ॲडमिट करावं लागलं. गाडी याच तोंडाशी येते. इथे दार ठेवा."

"दार दुसऱ्या टोकाला आहे. गाडी तिकडून येईल."

"तिकडे आहे?"

मी हातातला नकाशा वर करून दाखवला. एवढ्या उंचीवरून त्यांना काय दिसणार होतं, देव जाणे. त्यांनी नकाशाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"आपण स्वतः बघितलंत?"

उन्हाने डोकं तापलं होतं. मास्कच्या आत घाम साचला होता. माझ्या यादीत त्या दिवशी अजून सहा गल्ल्या होत्या. तिथून दुसऱ्या टोकाला चालत जाऊन यायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं. फार तर सहा.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी गल्लीच्या वळणाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. आपला नंबर द्या."

मी नंबर सांगितला. त्यांनी आत कोणाला तरी तो मोठ्याने सांगितला, एकेक आकडा सुटा करून, आणि आतून एक पुरुषी आवाज तो परत म्हणत गेला. शेवटच्या आकड्यानंतर तो आवाज म्हणाला, "लिहिला. त्यांना म्हणावं, पाणी हवंय का प्यायला?"

बाईंनी मला विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, मी ऐकलंच होतं. मी हात हलवून नको म्हणालो. त्या गृहस्थांचा तेवढाच आवाज मी ऐकला आहे.

त्यानंतर तीन दिवस मी त्या गल्लीकडे फिरकलो नाही. कोणाचीच तक्रार आली नाही. दूध आणि भाजी स्वयंसेवक पत्र्यावरून दोरीने आत सोडत होते, त्यामुळे दाराची कोणाला गरजच पडली नव्हती. हे मला नंतर कळलं.

चौथ्या दिवशी भर दुपारी मी दुसऱ्या एका पेठेत पत्रे लावत होतो. फोन वाजला. अनोळखी नंबर. त्या दिवसांत माझा नंबर अख्ख्या पेठेत पसरला होता. कोणाला पास हवा असायचा, कोणाला कुत्र्याला फिरवायला न्यायचं असायचं. मी फोन खिशात ठेवला. तो पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी तो बंद करून शिवी दिली, हे मला स्वच्छ आठवतं.

अर्ध्या तासाने आमच्या उपअभियंत्यांचा फोन आला. "ती मंडईमागची गल्ली तुझीच ना? लोकांनी पत्रे फोडलेत. जाऊन बघ."

मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. माझ्या भिंतीतले मधले दोन पत्रे उखडून रस्त्यावर पडले होते. एका पत्र्याच्या कडेला रक्त होतं, कोणाचा तरी हात कापला असणार. आणि त्या फटीच्या बाहेर, मोकळ्या रस्त्याच्या मधोमध, चॉकलेटी रंगाची एक प्लास्टिकची खुर्ची उभी होती. तिच्या एका हाताला ओला पंचा गुंडाळलेला. आजूबाजूला कोणी नाही. उन्हात ती खुर्ची अशी उभी होती, की कोणी तरी आत्ताच उठून गेलंय आणि परत येणार आहे.

बंदोबस्तावरचा हवालदार सावलीला बसला होता. तो उठून आला आणि मला पाहून आधी स्वतःचीच बाजू मांडायला लागला.

"साहेब, माझी काही चूक नाही. गाडी आधी इथेच आली. मला सांगितलं होतं दार पलीकडे, मी त्यांना पलीकडे पाठवलं. सगळीकडे आडवं लावून ठेवलंय, फिरून जायला त्यांना वेळ लागला. तिकडे जाऊन बघतात तर तिकडेही सरळ पत्रे. दार नाहीच. तोवर आतल्या लोकांनी पहारीने हे काढलं. त्या काकांना खुर्चीवर बसवून बाहेर आणलं. गाडी परत इकडे यायची होती. ते इथेच बसले होते, साहेब. बाई पंच्याने वारा घालत होत्या."

"मग?"

"गाडीत घातलं तेव्हा मान टाकली होती."

मी पलीकडच्या कार्यालयातल्या अभियंत्याला फोन लावला. आम्ही एकाच वर्षी नोकरीत लागलो होतो, एकमेकांना अरेतुरे करायचो. मी विचारलं, "दार कुठेय रे तुझ्याकडे?"

तो म्हणाला, "माझ्याकडे कशाला? माझ्या नकाशात दार तुझ्याकडे आहे."

फोनमधून मला त्याच्याकडच्या हातोड्याचे आवाज ऐकू येत होते. शेवटी त्याने विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. तो फक्त "अरे" म्हणाला. संध्याकाळी आम्ही दोघांनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवून बघितले. दोन कार्यालयांतून दोन वेगळ्या माणसांनी रेघा मारल्या होत्या, आणि प्रत्येकाने फट दुसऱ्याच्या बाजूला सोडली होती. आम्हा दोघांपैकी एक जण जरी गल्लीतून चालत गेला असता, तरी ते कागद पाहायची वेळ आली नसती. पुढच्या वर्षी, दुसऱ्या लाटेत, तो गेला. ते दोन कागद एकत्र पाहिलेला आता मी एकटाच आहे.

पण त्या दुपारी मला हे काही सुचत नव्हतं. क्षेत्र प्रतिबंधित होतं, फट उघडी ठेवता येत नव्हती. मी मुकादमाला बोलावून घेतलं. या वेळी त्याने विचारलं नाही. त्याने चौकट केली, बिजागऱ्या लावल्या, दार बसवलं, दोनदा उघडून मिटून बघितलं. काम चालू असताना ती खुर्ची मध्ये येत होती. त्याने ती उचलली, पंचा सोडवून, त्याची नीट घडी करून खुर्चीवर ठेवला, आणि खुर्ची पत्र्यांच्या आत नेऊन ठेवली. मला म्हणाला, "सायेब, तुमी घरी जावा. म्या बघतो." मी गेलो नाही.

संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा, बाई परत आल्या. रुग्णालयाच्या गाडीने त्यांना कोपऱ्यावर सोडलं होतं. एकट्याच. हातात पिशवी, पिशवीत यजमानांचे कपडे. त्या दिवसांत कोणीही गेलं तरी आधी तपासणी, मग देह ताब्यात. त्यामुळे त्यांना देहाशिवाय परत पाठवलं होतं. हवालदाराने वही पुढे केली. त्यांनी त्यात नाव, वेळ आणि कारण लिहिलं. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

मग त्यांनी दाराकडे पाहिलं. नव्या बिजागऱ्यांकडे. मग माझ्याकडे. मी मास्क लावलेला होता, पण त्यांनी मला ओळखलं.

"आता ठेवलंत," त्या म्हणाल्या.

आणि आत गेल्या. दार त्यांनी स्वतःच्या हाताने मागे ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. बाईंच्या यजमानांना कोरोना नव्हता. म्हणजे देह घरच्यांना मिळणार होता, अंत्यविधी नेहमीसारखा करता येणार होता, फक्त माणसं मोजकी. त्यांना एकच मुलगी, हडपसरला राहणारी. तिची सोसायटीही बंद केलेली होती. पाससाठी ती सकाळपासून फोन करत होती. आमच्या कार्यालयात तो निरोप आला तेव्हा मी समोरच होतो. मी म्हणालो, मी आणतो त्यांना. कोणी का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, माहीत नाही.

कार्यालयाची जीप घेऊन मी हडपसरला गेलो. मुलगी फाटकाबाहेर उभी होती. चाळिशीची असेल. रडून रडून डोळे सुजलेले, पण बोलणं सावरलेलं. मागच्या सीटवर बसली. सोलापूर रस्ता पार रिकामा होता, एरवी तासभर लागतो तो प्रवास वीस-पंचवीस मिनिटांत होत होता. ती बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "बाबा असते तर म्हणाले असते, बघ, माझ्यासाठी रस्ता मोकळा केलाय."

पुढच्या नाक्यावर मी काच खाली करून ओळखपत्र दाखवलं.

"तुम्ही महापालिकेतच ना? आई म्हणाली, कोणी तरी तिथे दारच ठेवलं नव्हतं. कोण असतात हो ही माणसं?"

मी आरशात पाहिलं नाही. समोर बघत गाडी चालवत राहिलो. "चौकशी चालू आहे," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. चौकशी खरंच चालू होती, आणि तिचा कागद माझ्याच टेबलावर आला होता.

स्मशानभूमीच्या फाटकाशी ती उतरली. माझ्या खिडकीपाशी येऊन तिने हात जोडले. "तुम्ही आला नसतात तर मला बाबा दिसले नसते. तुमच्यासारखीही माणसं आहेत म्हणून चाललंय."

फाटकाच्या आत बाई उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं. मी कोण ते त्यांना कळलं होतं. मुलगी धावत त्यांच्याकडे गेली, आणि दोघींनी एकमेकींना मिठी मारली नाही, कारण त्या वेळी कोणी मारत नव्हतं. दोन हात अंतरावर उभ्या राहून रडल्या. मी जीप मागे घेतली आणि पुलाच्या पलीकडे जाऊन थांबवली.

चौकशीचं उत्तर मी लिहिलं. 'सदर ठिकाणी प्रवेशद्वार दुसऱ्या बाजूस असल्याचे प्राप्त नकाशात नमूद होते. त्यानुसार काम करण्यात आले.' दोन्ही वाक्यं खरी होती. उपअभियंत्यांनी वाचून मान हलवली. "नकाशाप्रमाणे केलंस ना? मग झालं. मनाला लावून घेऊ नकोस, अजून खूप काम पडलंय." ते वाईट माणूस नव्हते. तेही महिनाभर घरी गेले नव्हते, कार्यालयातच सतरंजीवर झोपत होते. पुढच्या आठवड्यापासून मात्र नियम निघाला, की हद्दीवरच्या प्रत्येक गल्लीची दोन्ही कार्यालयांनी एकत्र पाहणी करायची आणि दोघांच्या सह्या घ्यायच्या. चांगला नियम होता. त्या नियमाने कदाचित कोणी वाचलंही असेल. तो कशामुळे निघाला हे त्या परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

घरी मी बाहेरच्या खोलीत वेगळा राहत होतो. आई ताट दाराबाहेर ठेवायची. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. त्या वर्षी विहार बंद होता, जयंतीची मिरवणूक निघाली नव्हती, त्यामुळे ते दिवसभर घरात चिडचिडत असायचे. एका सकाळी ते माझ्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "जेवत नाहीस, आई सांगते. काय झालंय?"

मी सांगितलं. सगळं. 'हो' म्हणालो ते सोडून. म्हणालो, नकाशा चुकला होता.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्याकडे पेटी पुढे पाठवायची तर माझी सही लागायची. कागदावर आधीच्या दोघांच्या सह्या असायच्या. तरी मी पेटी उघडायचो. लोक हसायचे. म्हणायचे, तुझा कोणावर विश्वासच नाही. विश्वासाचा प्रश्न नसतो रे. आत काय आहे ते आपल्या डोळ्यांना माहीत असावं, एवढंच." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तू पलीकडे जाऊन बघितलं होतंस का?"

"नाही."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मला वाटतं, विचारलं असतं तर मी उरलेलंही बोललो असतो. ते उठले आणि खुर्ची जमिनीवरून न ओढता उचलून घेऊन गेले. माझ्या वडिलांनी मला कधी मारलेलं नाही. त्या दिवशी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर आम्हाला प्रमाणपत्रं मिळाली. कोरोना योद्धा. आईने ते फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं, पाहुण्यांना दिसेल असं. वडिलांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

पुढची वर्षं गेली तशी गेली. शहर पुन्हा भरलं, इतकं भरलं की ते रिकामे रस्ते मी खरंच पाहिले होते का, अशी शंका यावी. पत्रे गोदामात गेले, मग पुन्हा मांडवांना लागले. भाद्रपदात कुठल्याही चौकात मांडव उभा राहत असला की ठोकण्याचा आवाज येतो, आणि माझ्या कानात लगेच तो दुसरा आवाज सुरू होतो. एकेक आकडा सुटा. माझाच नंबर, त्या गृहस्थांच्या आवाजात. शेवटी 'लिहिला'. कधी कधी वाहतुकीत उभा असताना, कधी कार्यालयात बैठक चालू असताना. मी कोणाला सांगितलेलं नाही. नंबर बदलून पाहिला. तरी तो आवाज जुनाच नंबर सांगतो.

मागच्या वर्षी त्याच गल्लीतली मलवाहिनी बदलायचं काम निघालं. यादीत नाव वाचलं आणि मी सहकाऱ्याला म्हणालो, हे तू घे. तो म्हणाला, सर, माझ्याकडे आधीच चार आहेत. मला जावंच लागलं. खोदाईच्या आधी रहिवाशांना सूचना द्यायची असते. ते काम शिपाई करतो, पण मी स्वतः पत्रकं घेऊन निघालो. सकाळचे अकरा वाजले असतील. प्रत्येक घरी पत्रक दिलं. बाईंचं घर शेवटी ठेवलं.

दार त्यांनीच उघडलं. खूप वाळल्या होत्या. माझ्याकडे पाहिलं, पत्रकाकडे पाहिलं.

"गल्ली खणणार आहात?"

"हो. पंधरा दिवस. एक बाजू चालायला मोकळी ठेवणार आहोत. दोन्ही टोकांना. मी बघितलंय."

शेवटचं वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं. त्या जराशा बाजूला झाल्या. "आत या."

खोली लहान आणि टापटीप होती. दोन खुर्च्या, मध्ये तिपाई, तिच्यावर दोन कप. मला वाटलं कोणी तरी आलेलं असावं. मी उभाच राहिलो.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हणालो. "त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, स्वतः बघितलंत का. मी हो म्हणालो. मी बघितलं नव्हतं."

एवढं बोलायला मला पाच वर्षं लागली होती, आणि बोलून झालं तर ते इतकं छोटं होतं.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलंय. गृहपाठ केला का म्हटल्यावर हो म्हणणारी मुलं मला कळतात. तुम्ही हो म्हणालात तेव्हाच कळलं." त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. "मग मी काय केलं? मी जाऊन बघायला हवं होतं. गल्लीतल्या गल्लीत तर जायचं होतं. पण मधल्या घरात दोन पेशंट निघाले होते. त्या दारावरून जायची मला भीती वाटली. यांना मी सांगितलं, साहेब खोटं बोलले बहुतेक. हे म्हणाले, अगं, भर उन्हात बिचारा काम करतोय, खोटं कशाला बोलेल? तीन दिवस होते माझ्याकडे. रोज मी ठरवत होते, उद्या जाऊन बघू."

"चूक माझी होती," मी म्हणालो.

"तुमची होतीच. त्यात मी वाटा मागत नाहीये. माझी मी सांगतेय." त्यांचा आवाज जराही चढला नाही. "माझ्या मुलीला अजून सांगितलेलं नाही. ना तुमचं, ना माझं. तिला तो गाडी घेऊन आलेला माणूस देवासारखा वाटतो. असू दे तसंच."

मी माफी मागायचं ठरवून गेलो होतो. शब्द जुळवून ठेवले होते. पण समोर उभ्या असलेल्या माणसाने स्वतःची चूकही पुढे काढून ठेवल्यावर माफी कशी मागायची, ते मला सुचेना. मागितली असती तर त्यांनाही काही तरी द्यावं लागलं असतं. भिंतीवर यजमानांचा फोटो होता. चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होतो. गोल, हसरा, डाव्या भुवईवर खोक.

"निघा आता," त्या म्हणाल्या. "पत्रक ठेवून जा. चष्मा लावून वाचीन."

मी पत्रक तिपाईवर ठेवलं. तेव्हा दिसलं, एका कपातला चहा संपलेला होता. दुसरा भरलेला होता, वर साय धरलेली.

मी बाहेर आलो, मागे कडी लागली. जिना अंधारा होता, पायऱ्या उंच. चार पायऱ्या उतरलो आणि पाय थांबले, कारण आत त्या बोलायला लागल्या होत्या. फोनवर बोलल्यासारखं नाही. घरातल्या घरात, आतल्या खोलीतल्या माणसाला सांगावं तसं, सहज.

"अहो, ऐकलंत का? ते दाराचे साहेब आले होते."

मग त्या थांबल्या. समोरचा काही तरी विचारतोय आणि आपण ऐकून घेतोय, एवढा वेळ थांबल्या.

"नाही, बसले नाहीत," त्या म्हणाल्या. "पाणी विचारायचं राहिलंच बघा."

मी कठड्याला धरून तसाच उभा राहिलो. त्या आणखी बराच वेळ बोलत होत्या, मधून मधून थांबत, कधी हसत. पुढचे शब्द मला ऐकू येत नव्हते. खाली गल्लीत माझी माणसं आखणीचा चुना घेऊन आली होती आणि मला हाका मारत होती.